जादा गाडी

दिवाळीच्या आदल्या रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरचे काका अनारशांचा डबा घेऊन आले. अण्णांना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. आमच्याकडे यंदा फराळ नव्हता, आणि अशा घरी शेजाऱ्यांनी डबा पोचवायचा ही रीत आमच्या इमारतीत अजून टिकून आहे. काका बसले. पंखा जोरात होता तरी त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दर दोन मिनिटांनी ते जांभई देत होते. नाक ओढत म्हणाले, हवा बदललीय. आई आत चहा टाकायला गेली तशी ते खुर्चीच्या कडेला सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अण्णांच्या त्या गोळ्या होत्या ना, दुखण्याच्या. उरल्या असतील की चार-दोन. माझा गुडघा लई छळतोय रे." मी म्हणालो, "नाही काका. सगळ्या परत केल्या हॉस्पिटलात." गोळ्या आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या, पासबुकांच्या मागे, चॉकलेटच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. तेवीस. काका "बरं बरं, सहज विचारलं" म्हणाले, चहा अर्धा ठेवून उठले. मी डबा उघडून एक अनारसा खाल्ला. काकूंचा हात चांगला आहे, जाळी सुरेख पडली होती. खसखस दातांत अडकून राहिली आणि संध्याकाळपर्यंत जिभेने ती शोधत बसलो.

त्या गोळ्यांबाबत मी खोटं बोलायची ती दुसरी वेळ होती.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणतात. स्टँडवरच्या त्या खिडकीमागे बसून त्यांनी एकतीस वर्षं गाड्या सोडल्या, आणि निवृत्तीनंतरही घरात ते वेळ सांगत ती स्टँडवरच्या सुरात. पाच दहाला दूध, सात पंचेचाळीसला आंघोळ. आईला कुठे जायचं असलं की "किती वाजताची धरणार?" असंच विचारायचे, मग ती कोपऱ्यावरच्या देवळात का चाललेली असेना. प्रोस्टेटचा कॅन्सर त्यांना आधीपासून होता, इंजेक्शनांवर दबून होता. गेल्या उन्हाळ्यात तो पाठीच्या मणक्यांत उतरला आणि सगळं वेळापत्रक मोडलं. हाडातलं दुखणं काय असतं ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. कूस बदलताना त्यांचा श्वास मध्येच अडकायचा आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे, जणू कुठल्या तरी तारखेला हे थांबणार आहे. पॅरासिटामॉल झालं, मग मूत्रपिंडांची काळजी करत करत दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या झाल्या, मग ट्रॅमाडॉल. मे महिन्यात आम्ही त्यांना कोल्हापूरला पॅलिएटिव्हच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातलं दुखणं हलकं करणाऱ्या, डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी अण्णांना विचारलं, दुखणं दहापैकी किती? अण्णा म्हणाले, "स्टँडिंगलाबी जागा नाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि मॉर्फिन लिहिलं.

दहा मिलिग्रॅमची साधी गोळी, दर चार तासांनी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, आणि रात्री दहाला एकदम दोन, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवायला नको. दुखो न दुखो, गोळी घड्याळावर. दुखायची वाट बघायची नाही, कारण एकदा दुखणं चढलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. आणि मधेच कळ आली तर? तर एक गोळी वरची द्यायची, वहीत वेळ लिहून ठेवायची, आणि पुढची ठरलेली गोळी तिच्या वेळेला द्यायचीच. अशा वरच्या गोळ्या दिवसातून बऱ्याचदा लागायला लागल्या तर फोन करायचा, आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही. अण्णा एवढा वेळ मान खाली घालून ऐकत होते. आता त्यांनी मान वर केली. "म्हंजे ही जादा गाडी," ते म्हणाले. "टाइमटेबलच्या गाड्या टायमाला सुटणार. गर्दी झाली की जादा सोडायची. आणि रोजच जादा सोडावी लागली तर टाइमटेबलच बदलाया पायजे." मॅडमनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, हे मी पुढच्या पेशंटला सांगू का? अण्णांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला.

वही त्यांनीच घातली. शाळेची दोनशे पानी, आडवी धरून पट्टीने रकाने आखले: वेळ, गोळी, जादा, शौच, झोप, शेरा. डेपोतल्या लॉगशीटचं अक्षर, तिरकं आणि बारीक. शौचाचा रकाना सिस्टरांनी सांगितला म्हणून. या औषधाने आतडी आळसावतात. मळमळ आणि गुंगी चार-आठ दिवसांत शरीर विसरतं, बद्धकोष्ठ मात्र विसरत नाही, औषध असेपर्यंत तो सोबत राहतो. आईने लगेच इसबगोलाचा डबा काढला. सिस्टर म्हणाल्या, इसबगोल नुसतं फुगून बसेल, आतडं हलवणारं काहीतरी पाहिजे, आणि एक औषध लिहून दिलं. आईने बाटली वाचायला माझ्याकडे दिली. सोनामुखी होती. "हे तर माझी सासू द्यायची," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचा त्या हॉस्पिटलवर विश्वास बसला.

आणखी एक प्रश्न मॅडमनी विचारला होता तो मला तेव्हा किरकोळ वाटला: झोपेची गोळी चालू आहे का? होती. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेली अल्प्राझोलम, सात-आठ वर्षं रात्रीच्या दुधाबरोबर. आम्ही तिला औषध समजतच नव्हतो. मॅडमनी ती हळूहळू कमी करायला लावली. दोन्ही मिळून श्वास मंद करतात, दारू असेल तर तीही त्यात भर घालते, म्हणून. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाढ झोपलेत असं वाटलं तर छातीकडे बघून मिनिटभर श्वास मोजा. हाका मारून जागे होतायत ना ते बघा. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, घरघर असेल, बुबुळातला काळा ठिपका टाचणीएवढा झाला असेल, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. मी पहिल्या आठवड्यात रोज रात्री टॉर्च पायाशी धरून मोजायचो. चौदा. पंधरा. चौदा. एकदा तेरा आले तर पुन्हा मोजले. अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "पॅसेंजर मोजून झालं का?"

गोळ्या कोल्हापूरहूनच आणाव्या लागत. आमच्या सांगलीत मी पहिल्या दिवशी चार दुकानं फिरलो. एका दुकानदाराने कागद दोन बोटांत धरून माझ्या हाताकडे पाहिलं, शिरा तपासल्यासारखं. राग आला होता, पण त्याचाही दोष किती? १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं आणि तुरुंगाचं असं कुंपण घातलं की साठा ठेवण्यापेक्षा न ठेवणं सोपं झालं. एकेका राज्यात चार-पाच वेगळे परवाने लागत, एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकतला पॅलिएटिव्हचं काम उभं केलं आणि पुढे वर्षानुवर्षं सरकारदरबारी हेच सांगितलं की चोराला अडवायला घातलेलं कुंपण दुखणाऱ्याला अडवतंय. २०१४ मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना एका परवानगीत ही औषधं ठेवता यायला लागली. कागदावर सुधारला. सांगलीतल्या चार दुकानांपर्यंत ती सुधारणा यायची आहे.

आणि गंमत बघा. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही चितोडला जाताना नीमच-मंदसौरकडून गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, मध्ये हिरवी गोल बोंडं. ड्रायव्हरने गाडी थांबवून दाखवलं. दुपारी बोंडाला उभे चिरे देतात, रात्रभर त्यातून दूध पाझरतं आणि तपकिरी होत जातं, पहाटे ते पत्र्याने खरवडून घेतात. सगळी अफू सरकारच विकत घेतं, शेतकऱ्याकडे परवाना लागतो, आणि पोपट बोंडं फोडतात म्हणून वर जाळी लावलेली असते. अफूचा चीक काढून रीतसर निर्यात करणारा आपला जगातला एकमेव देश. त्या चिकातून शुद्ध मॉर्फिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्याने, १८०५ च्या सुमाराला, आणि ग्रीकांच्या स्वप्नांच्या देवावरून त्याला नाव दिलं. बोंड वाळलं की आतून निघते ती आपली खसखस. दाण्यात त्या चिकाचा जेमतेम अंश असतो, म्हणून अनारसा खाऊन कुणी पेंगत नाही. त्या दिवशी मी शेताच्या बांधावर उभा राहून फोटो काढले होते. अण्णांसाठी गोळ्या शोधत फिरताना ते फोटो आठवले. ज्या देशात ते पिकतं तिथल्या चार दुकानांत ते नव्हतं.

ताई न्यू जर्सीत असते. जूनमध्ये मी तिला सांगितलं की मॉर्फिन सुरू केलंय, तर फोनवर काही क्षण नुसता तिच्या स्वयंपाकघरातला चिमणीचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अरे, तुला माहितीय का इथे काय झालंय?" मला थोडं माहीत होतं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही मॉर्फिनच्याच जातीची दुखण्याची गोळी बाजारात आणली, सवय लागण्याचा धोका कमी आहे असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं, पाठ दुखली, दाढ काढली, लिहून दे. धोका कमी सांगून फसवल्याचं २००७ मध्ये न्यायालयात कबूल केलं गेलं, २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले, तोवर घराघरांतली औषधांची कपाटं स्मशानाच्या वाटेवरची झाली होती. पुढे लोक हेरॉइनकडे गेले, मग चोरट्या फेंटानिलकडे. ताईच्या शेजारच्या घरातला एक मुलगा त्यात गेला. फुटबॉल खेळताना पाय मोडला होता, तिथून सुरुवात. तिच्या मुलाच्या कॉलेजात नॅलॉक्सोनचा, म्हणजे या औषधांचा असर उतरवणारा, नाकात मारायचा फवारा भिंतीवर टांगलेला असतो, आग विझवायच्या नळकांड्यासारखा. २०२३ पासून तो तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो. "कमीत कमी दे," ती म्हणाली. "मागितली तरी लगेच देऊ नकोस. एकदा सवय लागली ना…" पुढे ती बोलली नाही. ती खोटं काहीच बोलत नव्हती. तिने जे पाहिलं होतं ते तिच्या कुंपणापलीकडच्या घरात घडलं होतं. फक्त ते मोडलेल्या पायाचं, विशीतल्या मुलाचं आणि विकायला बसलेल्या कंपनीचं होतं, आणि माझ्यासमोर मणके पोखरलेला बहात्तर वर्षांचा माणूस होता. हा फरक मला आज दिसतो. त्या रात्री दिसला नाही.

मृगाचा पाऊस नुकता सुरू झाला होता. पत्र्यावर आवाज येत होता म्हणून मला आधी त्यांची हाक ऐकू आली नाही. गेलो तेव्हा ते उशीला पाठ लावून अर्धवट बसले होते, एका हाताने पलंगाची कड धरलेली. नाइट लॅम्पच्या उजेडात त्यांच्या गळ्यावरची शीर उडताना दिसत होती. खोलीत आयोडेक्स, ओला पाऊस आणि त्यांच्या घामाचा वास. "किती वाजलं रं?" मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक चाळीस. "जादा सोडतोस का येक?" ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तसं. डबा कपाटात होता, चावी माझ्या खिशात होती. त्या दिवशी दुपारी एक जादा झाली होती, मॅडमनी सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी आत. श्वास ठीक होता, माणूस पूर्ण जागा होता, बोलत होता. द्यायला काहीही हरकत नव्हती. आणि माझ्या कानात ताईचं वाक्य अर्ध्यावर थांबलेलं. मी म्हणालो, "अण्णा, अजून टाइम झाला नाही. आता सहालाच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जादा गाडीला टाइम नसतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, शब्दच त्यांचा होता. पण एकतीस वर्षं ज्या माणसाने खिडकीतून "अजून टाइम आहे" असं सांगून लोकांना बाकावर बसवलं, तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूने कसा वागणार होता? "बरं," ते म्हणाले. "नाय म्हणतोस तर नाय." मी त्यांच्या पाठीला हात लावून बसलो. पाठ दगडासारखी ताठ होती. अडीचला मला डुलकी लागली, जाग आली तेव्हाही ती तशीच होती. ते कण्हले नाहीत. कण्हले असते तर मी दिली असती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. सहाला मी गोळी दिली. पावणेसातला पाठ सैल पडली आणि ते झोपले.

सकाळी सिस्टरांचा नेहमीचा फोन आला. स्पीकरवर होता. रात्र कशी गेली? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "ब्येस. झोप लागली."

मी काही बोललो नाही. तो दिवस तसाच गेला. पुढच्या खेपेला मी मॅडमना एकट्याने गाठून सवयीबद्दल विचारलं, रात्रीचं मात्र सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, दोन गोष्टींची गल्लत करू नका. काही आठवडे रोज घेतलं की शरीर त्या औषधाला धरून राहतं, एकदम बंद केलं तर त्रास होतो, तो कुणालाही होईल. म्हणून बंद करताना पायरीपायरीने उतरायचं. व्यसन वेगळं. त्यात माणूस दुखण्यासाठी घेत नाही, आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. अशी ओढ कुणाला लागू शकते ते आम्ही आधीच विचारतो, म्हणून तुमच्या घरी दारूचं, झोपेच्या गोळ्यांचं, मनाच्या आजारांचं एवढं खोदून विचारलं. धोका आहेच, नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला दुखण्याची भीती जास्त वाटते. आपल्याकडे "सवय" हा एकच शब्द दोन्हींना पुरतो, त्यामुळे चहाची सवय, देवळात जायची सवय, आणि हीही सवयच.

या भीतीची मुळं माझ्या घरातही खोल असावीत. अण्णांची आई सांगायची, तिच्या मावश्या मुंबईला गिरणीत होत्या, परळला. तान्ही पोरं चाळीत ठेवून पाळीला जायचं, तर जाताना त्यांना बाळगोळी चाटवायची. अफूची. पोर दिवसभर पडून राहायचं, रडायचं नाही, अंगाला मात्र लागायचं नाही काही. त्यातलं एक उठलंच नाही, असं आजी सांगायची आणि मग पदर तोंडाला लावायची. हौसेने कुणी देत नव्हतं. भोंगा झाला की जावं लागायचं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं ते पोर आणि न्यू जर्सीतला तो मुलगा, दोघं त्या रात्री माझ्या खिशातल्या चावीवर बसले होते.

ऑगस्टमध्ये अण्णांचं क्रिएटिनिन वाढलं. हातपाय मध्येच झटके द्यायला लागले, दिवसा गुंगी राहू लागली. मूत्रपिंडं थकली की मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठत जातात, म्हणून मॅडमनी ते थांबवून फेंटानिलचा पॅच सुरू केला. कपड्यावरच्या ठिगळाएवढी पारदर्शक पट्टी, छातीवर केस नसलेल्या जागी लावायची, बहात्तर तासांनी बदलायची, नवी दुसऱ्या जागी. जुनी काढायला विसरून नवी लावली तर दुप्पट, म्हणून अण्णांच्या वहीतून धडा घेऊन मी पट्टीवरच पेनाने तारीख-वेळ लिहायचो. वापरलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध शिल्लक असतं, लहान मुलाच्या अंगाला चिकटली तर जीव जाऊ शकतो. ती चिकट बाजू आत करून दुमडायची आणि कुणाच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. एवढं सगळं पाठ करून घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर अण्णा नुसते गाढ झोपलेले, आणि छातीवर आईची रबरी पिशवी. "थंडी वाजते म्हणाले," आई म्हणाली. चाळीस वर्षं त्या पिशवीने आमच्या घरातली प्रत्येक पाठ, प्रत्येक पोट शेकलं होतं. उष्णतेने पॅचमधलं औषध भराभर आत जातं हे मी फक्त स्वतः ऐकलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. पिशवी उचलली, हाका मारल्या, श्वास मोजले. बारा. डोळे उघडले. मॅडमना फोन केला, त्यांनी तासभर जवळ बसून मोजत राहायला सांगितलं. आई पिशवीतलं पाणी मोरीत ओतत होती, तिचा हात कापत होता, आणि मला वाटलं की या घरात सगळ्यात धोक्याची वस्तू मीच आहे. अर्धं ऐकणारा, अर्धं सांगणारा.

अण्णा गेले ते पितृपक्षाच्या आधी दोन दिवस, पहाटे पाच दहाला, दूध यायच्या वेळेला. शांत गेले. तेवीस गोळ्या तशाच राहिल्या.

काका येऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. "यांना व्हायरल झालंय बघ," म्हणाल्या. "घाम काय, जुलाब काय, रात्रभर पाय आपटतायत, अंगावर काटा येतोय. औषधवाल्यानंबी आता गोळी द्यायची बंद केली, नवी चिठ्ठी आणा म्हणतोय." मी विचारलं, कसली गोळी? काकूंनी पिशवीतून रिकामी पट्टी काढून दाखवली. ट्रॅमाडॉल. दीड वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहिलेली. दुकान ओळखीचं, काका तिथे रोज पेपर वाचायला बसायचे, पट्टी मिळत गेली. आधी दोन, मग चार, पुढे कधीतरी सहा. २०१८ पासून ही गोळीही त्याच कायद्याखाली आली आहे. आता दुकान मुलाच्या हातात गेलं होतं आणि मुलाने रीतसर नाही म्हटलं होतं. त्याचं बरोबरच होतं, आणि त्या बरोबर वागण्याने काका एका रात्रीत कोरडे पडले होते. रविवारी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसून ते जांभया देत होते ते यामुळे. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं आणि मी, ज्याला ते वाचता येत होतं, दार लावून अनारसा खात बसलो होतो.

गोळ्या दिल्या नाहीत याचं मला आजही काही वाटत नाही. एकाच्या दुखण्याला बेतलेली मॉर्फिन दुसऱ्याला खिरापतीसारखी वाटायची नसते, त्यातून काकांना रक्तदाब, रात्रीची झोपेची गोळी, आणि शनिवारी एक क्वार्टर. पण त्यांना खरं कारण ऐकायचा हक्क होता. वर गेलो. ते चादर ओढून पडले होते. मी पायाशी बसून सांगितलं, काका, गोळ्या आहेत माझ्याकडे, आणि मी देणार नाही. मग पट्टीचं सांगितलं, अंगाला काय होतंय ते सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे मी गर्दुल्ला झालो म्हण की." पोस्टात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी मॅडमचं ते शरीराचं आणि व्यसनाचं बोलणं जमेल तसं त्यांच्यापुढे मांडलं. किती पटलं माहीत नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अण्णाला त्या बाई चांगल्या भेटल्या होत्या न्हवं?"

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आम्ही सकाळच्या एसटीने कोल्हापूरला गेलो. काका खिडकीशी, मांडीवर डबा धरून मी शेजारी. हॉस्पिटलात ते बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसले. मॅडमनी त्यांना तपासून वेळापत्रक आखून दिलं, त्याला काही महिने लागतील, वाटेत अडेलही. पण ते नंतरचं. आधी मी सिस्टरांच्या टेबलाशी गेलो. अण्णांच्या उरलेल्या गोळ्या परत करायच्या तर मोजून, नोंद करून, सही करून. सिस्टरांनी पट्ट्या ओळीने मांडल्या, दोन अख्ख्या, एकात तीन, पेनाच्या टोकाने दोनदा मोजल्या. हिशेब जुळतो का बघायला वही मागितली. ती त्यांनी उलटी धरली, मग आडवी, आणि कौतुकाने म्हणाल्या, काय लिहिलंय हो, छापल्यासारखं. पानं मागे उलटत त्यांचं बोट शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं. "हे काय आहे? हे नाही समजलं."

मी वाकून पाहिलं. वही रोज माझ्या समोर असायची, पण शेऱ्याचा रकाना इतका बारीक की मी तो कधी वाचला नव्हता. जूनमधली तारीख. तेच तिरकं अक्षर, एके ठिकाणी पेन घसरलेला.

०१.४० जादा मागणी. जादा उपलब्ध नाही. प्रवासी थांबून.

"एसटीची भाषा आहे," मी म्हणालो. सिस्टर पान उलटायला लागल्या. मी त्यावर हात ठेवला. "त्या रात्री गोळी होती, सिस्टर. चावी माझ्या खिशात होती."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.